इथे बाई गप्प

चुरीसरांच्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. संस्थेच्या डहाणूच्या हॉलमध्ये आम्ही सगळे उभे राहिलो. समोर खुर्चीवर सरांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. मिनिटभरही झालं नसेल, तेवढ्यात कोणीतरी 'ओम शांती' म्हणालं आणि खुर्च्या सरकल्या. सर असते तर पहिला पाय नेमका कधी वाजला ते त्यांनी लिहून ठेवलं असतं, आणि वर कोणाचा वाजला तेही.

मग मॅडम बोलल्या. मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या संचालिका, मुंबईहून येतात. सर मितभाषी होते, त्यांच्या टिप्पण्यांमुळे संस्थेच्या संशोधनात मोलाची भर पडली, असं त्या म्हणाल्या. आवाज जड झाला होता आणि तो खोटा नव्हता, एवढं मी कबूल करते. पण मागच्या रांगेत बसून मला जे होत होतं ते दुःख नव्हतं. संताप होता. रडायला आलेल्या माणसाला राग घेऊन घरी जावं लागावं, यासारखं वाईट काही नाही.

मी भारती. धाकटी डहाणू या मच्छीमार गावची. आमच्याकडे बायका बंदरावर बोलतात ती भाषा खाडीपलीकडे ऐकू जाते, आणि माझाही आवाज तिथलाच आहे. संस्थेत माझं काम कॅमेऱ्याचं. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर संस्थेचे बालवर्ग चालतात. तिथे मानधनावर काम करणाऱ्या बाई आणि गुरुजी. महिन्यातून एकदा मी स्कूटरला कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधून प्रत्येक वर्गावर जायची आणि पाऊण तासाचा वर्ग चित्रित करून आणायची. पुढचं काम चुरीसरांचं. ते ऑफिसात बसून तो व्हिडिओ बघत आणि जिथे काही सांगण्यासारखं असेल तिथे थांबवून, त्या मिनिटा-सेकंदापाशी आपलं म्हणणं लिहीत. मग तो व्हिडिओ बाईंच्या मोबाइलवर जाई. बाई बघायला लागल्या की नेमक्या त्या जागी चित्र थांबे आणि सरांची ओळ उमटे. त्याच ओळी मुंबईच्या ऑफिसातही जात, कारण संस्थेला त्यावर संशोधन करायचं होतं. एका दगडात दोन पक्षी, असं मॅडम म्हणायच्या. पक्षी कोण, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

सर किनाऱ्यावरच्या वरोर गावचे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली, निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. किडकिडीत अंग, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि वैशाखातल्या घामातही मनगटावरची बटणं लावलेली. व्हिडिओ बघायची त्यांची तऱ्हा अशी की पहिल्यांदा आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं. दुसऱ्यांदा स्क्रीनवर आपला पंचा टाकायचा आणि नुसता आवाज ऐकायचा. तिसऱ्यांदा दोन्ही, आणि तेव्हा कुठे एका बोटाने टाइप करायला घ्यायचं. मी एकदा म्हटलं, सर, एकदाच नीट बघितलं तर नाही का चालणार? तर म्हणाले, डोळे आणि कान एकत्र कामाला लावले की दोघंही कामचुकारपणा करतात.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिसाबाहेरही सुटायची नाही. माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी न विचारता घेत आणि वर सांगत, 'मीठ दुसऱ्या घासाला कळतं.' कोणाच्या लग्नाला जाऊन आले की जेवण कसं होतं ते सांगणार नाहीत. मंगलाष्टकांत तिसऱ्या कडव्याला नवरीच्या मामाने घड्याळ बघितलं, हे सांगतील. एकदा आमच्या घरी जेवायला आले होते. माझं आणि माझ्या नवऱ्याचं त्यांच्यासमोरच वाजलं. सर शांतपणे भात कालवत राहिले. निघताना दारात म्हणाले, भारतीबाई, तुमचं सगळं बरोबर होतं, फक्त तुमच्या सासूचं नाव आलं त्याच्या एक वाक्य आधी थांबायला हवं होतं. नवरा अजून मला ते ऐकवतो.

'ठपका नको, ठिकाण सांगा.' हे त्यांचं वाक्य. नवीन बाईंना, मला, चहावाल्यालासुद्धा. चहा बेकार झालाय असं कोणी म्हटलं की सर विचारणार, कुठे? आल्यात, साखरेत की उकळण्यात? या वाक्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. सर तरुण असताना तलासरीकडच्या एका शाळेवर होते. तपासणीला साहेब जीपमधून आले, दारातच उभं राहून वर्ग बघितला, चहा घेतला आणि शेरा लिहिला: अध्यापन असमाधानकारक. सर जीपच्या मागे चालत गेले आणि त्यांनी विचारलं, साहेब, कुठे असमाधानकारक? साहेब हसले आणि म्हणाले, 'एकंदरीत.' जीप गेली. सर सांगत, त्या दिवसापासून हा शब्द माझ्या घरात चालत नाही. ऑफिसातही चालत नसे. मीटिंगमध्ये कोणी 'एकंदरीत' म्हटलं की सर खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरून घेत. आम्ही त्यांना चिडवायला मुद्दाम म्हणायचो.

आता 'गप्प'बद्दल. सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

आमच्या पाड्यांवरची मुलं घरी वारली बोलतात. बाई पुस्तकातलं मराठी बोलतात. बाईंनी प्रश्न विचारला की मूल आधी मनात बघतं, शब्द शोधतं, तो बाईंना कळेल का याचा अंदाज घेतं आणि मग तोंड उघडतं. तेवढ्यात बाईंना धीर धरवत नाही आणि त्या स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या होतात. सरांचं म्हणणं, इथेच शाळा बुडते. बाईने प्रश्न विचारून तोंड मिटलं, मुलाकडे बघत राहिली आणि मुलाला त्याचा वेळ दिला, असं दिसलं की सर त्या जागी लिहीत: इथे बाई गप्प. बस. ना 'छान', ना 'उत्तम'. सरांच्या तोंडून निघणारी ती सर्वांत मोठी शाबासकी होती, आणि आमच्या सगळ्या बाईंना ते पाठ होतं. महिन्याच्या बैठकीला आल्या की एकमेकींना विचारायच्या, तुला किती गप्प मिळाले गं? एखादीला एकही नसला की ती डबा उघडताना कमी बोलायची.

एका गुरुजींनी, महेश त्यांचं नाव, ही बातमी कुठून तरी मिळवली आणि पुढच्या वेळी कॅमेरा लावल्यावर प्रश्न विचारून भिंतीला टेकून बसले ते बसलेच. मुलांनी एकमेकांच्या पाट्या ओढल्या, एक जण बाहेर जाऊन आला, तरी गुरुजी मौनात. सरांनी तिथे लिहिलं: हे गप्प नव्हे, ही झोप. ऑफिसात आम्ही चार दिवस हसत होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सुनंदा वरठा या सगळ्यांत उशिरा आली. तलासरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. घरी भात आणि नागली. बारावी झालेली, पाड्यावरची पहिली मुलगी. पहिले दोन-तीन महिने ती वर्गात अशी बोलायची की श्वास घ्यायची नाही. भीतीच होती ती, दुसरं काय. पुस्तकातलं मराठी धडाधड, आणि मुलं तिच्या तोंडाकडे बघत बसलेली. ही मुलं तिच्या काकाची, मामाची. घरी तिच्याशी वारलीतच बोलणारी. सरांनी तिला सोडलं नाही. तिच्या व्हिडिओवर जागोजाग ओळी: इथे मूल तोंड उघडतं, बाई उत्तर देतात. इथे पुन्हा. इथे तेच. तिने रडत मला फोन केला आणि मी तो सरांच्या हातात दिला. तिचं म्हणणं मला पलीकडून ऐकू येत होतं.

"सर, मी गप्प बसले तर पोरांच्या आया म्हणतील, बाईला येत नाय."

सर म्हणाले, "म्हणू दे. पोरं काय म्हणतात ते बघ."

मग तो खेकड्याचा व्हिडिओ झाला. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांचा तक्ता होता. सुनंदाने खेकड्यावर बोट ठेवलं, हा कोण ते विचारलं, आणि खाली मुलांमध्ये बसली. हनुवटीखाली हात घेतला आणि तोंड मिटलं. कॅमेऱ्यामागे मलाच अस्वस्थ व्हायला लागलं. मी बंदरावरची बाई, माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. वर्गात काहीच होईना. मग कोपऱ्यातली एक मुलगी, जी आजवर कधी बोलली नव्हती, पुढे सरकली. चित्रातला खेकडा नर आहे की मादी, असं तिनेच उलट विचारलं. पोटावरचं झाकण रुंद असेल तर मादी, निमुळतं असेल तर नर. चित्रात नुसती पाठ दाखवली आहे, मग कळणार कसं? दुसऱ्याने सांगितलं की ओढ्यात दगड उचलताना हात कुठून घालायचा. तिसऱ्याने त्याला खोडलं. सगळा वर्ग वारलीत भांडायला लागला आणि सुनंदा हनुवटीखाली हात घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं काही तिला जन्मात खेकडा ठाऊक नव्हता.

सरांनी तो भाग किती वेळा बघितला ते मी मोजलं नाही. चहा निवला, त्यावर साय धरली. मग सात मिनिटं चाळीस सेकंदांवर एका बोटाने टाइप केलं: इथे बाई गप्प. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, भारतीबाई, सात-चाळीस. लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यांत सुनंदाचे गप्प वाढत गेले. आमच्या सगळ्या वर्गांत तिच्याएवढे कोणालाच नव्हते.

सर काही संत नव्हते, हे आत्ताच सांगते, नाहीतर शोकसभेतलं भाषण आणि हे यात फरक राहणार नाही. त्यांना आपल्या कमी बोलण्याचा गर्व होता. मुंबईच्या ऑफिसातून एकदा अगदी नम्र मेल आली होती: सरांच्या टिप्पण्या फार त्रोटक आहेत, संशोधनासाठी पूर्ण वाक्यात लिहिता येतील का, एखाद्या शब्दाचा खास अर्थ असेल तर तो एकदा कळवाल का. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. सर हसले. म्हणाले, जिला सांगायचं आहे तिच्या समोर चित्र थांबलेलं असतं, तिला पूर्ण वाक्य कशाला? मी म्हटलं, सर, मुंबईवाल्यांना कळणार नाही. त्यावर त्यांनी पंचा झटकला आणि म्हणाले, ज्याला कळायचं त्याला कळतं. मुंबईला त्यांनी दोन शब्द कळवायला सांगितले: 'सूचना पाहिली.' त्यांच्यापुढे कोणाचं चालायचं नाही, माझं तर नाहीच.

पुढच्या वर्षी संस्थेची देणगी आटली आणि काही वर्ग बंद करायचे ठरले. कुठले बंद करायचे आणि कोणाला ठेवायचं, हे कोणाच्या मर्जीने नको, कामाच्या मोजमापाने ठरावं, असं मॅडमनी सांगितलं. ऐकायला किती न्यायाचं. मुंबईहून यादी आली. सुनंदा वरठा सगळ्यांत खाली. महेश गुरुजी वरच्या निम्म्यात.

सरांना आधी वाटलं, यादी उलटी छापली गेली. मग त्यांनी मला सुनंदाचं नाव उघडून दाखवायला सांगितलं. नावाखाली एकाखाली एक ओळी होत्या, आणि सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर प्रत्येक ओळीत तोच शब्द: निष्क्रिय. निष्क्रिय. निष्क्रिय. बाजूला मिनिटं आणि सेकंद. मुंबईच्या ऑफिसातल्या पोरांनी, पाडा न बघितलेल्या पण मान मोडून काम करणाऱ्या पोरांनी, सरांच्या ओळींना एकेक शिक्का दिला होता. बाई गप्प म्हणजे बाई काही करत नाहीत. शब्दकोशात बघितलं तरी हेच निघेल. महेश गुरुजींच्या नावाखाली निष्क्रिय एकदाच होतं, झोपेच्या जागी. बाकी पाऊण तास ते अखंड बोलत, म्हणून त्यांना 'सक्रिय'चे शिक्के.

सरांनी स्क्रीनला बोट लावलं आणि म्हणाले, सात-चाळीस, हे तर खेकड्याचं आहे. पुन्हा म्हणाले, हे खेकड्याचं आहे, भारतीबाई. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

मॅडम पुढच्या आठवड्यात आल्या. सर सकाळपासून येऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्यांत बोलले, न थांबता. गप्प म्हणजे काय, तो कोणाला दिला, का दिला, सगळं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, हेच मला आजही पचत नाही. वाईट असत्या तर शिव्या घालून मोकळी झाले असते. सर शेवटी म्हणाले, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, व्हिडिओ लावा. सात-चाळीस लावा.

व्हिडिओ नव्हता. मुलांचे चेहरे असतात म्हणून पालकांची परवानगी ठरावीक मुदतीची घेतलेली असते. काम झालं की चित्रण पुसून टाकायचं, बाईंच्या मोबाइलवरचंसुद्धा. नियम योग्यच आहे. माझ्या पोरीचा चेहरा असता तर मीही तेच म्हटलं असतं. खेकडा विचारणारी ती मुलगी, सुनंदाचा हनुवटीखालचा हात, सगळं पुसलं गेलं होतं. उरल्या होत्या त्या सरांच्या ओळी आणि त्यावरचे शिक्के. मुंबईत कोणाला व्हिडिओ बघावा लागू नये म्हणूनच तर त्या ओळी तिकडे जात होत्या.

सर म्हणाले, मला प्रत्येक जागा आठवते, मी सांगतो. मॅडम म्हणाल्या, सर, आठवण म्हणजे पुरावा नाही. आणि तुमचा एक शब्द बदलायचा तर सगळ्यांचं पुन्हा करावं लागेल, अहवाल तर देणगीदारांकडे गेलाय. मी इथे मध्ये बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण खालच्या चहावाल्याला ऐकू गेलं. मॅडम म्हणाल्या, भारतीताई, शांतपणे बोलूया. मग त्या सरांकडे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या,

"सर, एखाद्या जागेचं राहू द्या. एकंदरीत बघितलं तर..."

सर बसले. खुर्ची मागे आहे की नाही हेही न बघता बसले. मॅडमचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मॅडमना काय ठाऊक, त्या शब्दाने काय केलं ते. त्यांनाही कोणी त्याचा खास अर्थ कळवला नव्हता.

त्या दिवशी सरांनी हेडफोन आणि पंचा गुंडाळला, हेडफोन माझ्या टेबलावर ठेवला आणि पंचा घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत. मी दोनदा वरोरला जाऊन आले. गावात तेव्हा होऊ घातलेल्या मोठ्या बंदराच्या विरोधातल्या सभा चालू होत्या, सगळं गाव बोलत होतं आणि सर ओटीवर बसून समुद्राकडे तोंड करून असायचे. त्यांच्या घरचे म्हणत, टीव्हीसुद्धा लावू देत नाहीत.

सुनंदाचा वर्ग बंद झाला. पाड्यावरची मुलं आता दुसऱ्या पाड्याच्या वर्गावर जातात, म्हणजे जायला हवीत. सुनंदा गुजरातच्या हद्दीत एका कंपनीत लागली. सकाळी अंधारात कंपनीची बस तलासरीच्या नाक्यावरून बायकांना घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. हे मी सरांना सांगितलं. काही दिवसांनी त्यांनी स्वतः फोन केला, मला तलासरीला न्याल का?

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. रस्ताभर ते पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणत आहेत. मग ऐकू आलं की ते तिला काय सांगायचं त्याची तालीम करत होते. या माणसाने आयुष्यात कधी बोलायची तालीम केली नव्हती.

हायवेच्या कडेला, टमटम उभ्या असतात तिथे, मी स्कूटर लावली. सर पुढे जाऊन उभे राहिले, मनगटाची बटणं लावलेली. बस आली. बायका उतरल्या, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे डगले, हातात डब्याच्या पिशव्या. सुनंदाने सरांना बघितलं आणि ती थांबली. वाकून नमस्कार केला. सरांनी तालीम केलेलं सगळं सांगितलं: ते गप्प शाबासकी होते, सगळ्यांत जास्त तुलाच होते, मुंबईवाल्यांनी उलटा अर्थ लावला, तुझ्या कामात काही खोट नव्हती. एका दमात. मी काही हातांवर उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

सुनंदा म्हणाली, "मला माहीत होतं, सर. आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं."

मग म्हणाली, "त्यांना का नाय सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. विचारून तिने पिशवी खाली ठेवली, हात हनुवटीखाली घेतला, तोंड मिटलं आणि सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. तसंच. मध्ये शब्द पुरवला नाही, मान हलवली नाही, नजर काढून घेतली नाही. कोपऱ्यातल्या त्या मुलीला जेवढा वेळ दिला होता, तेवढा दिला, त्याहून जास्त दिला. ट्रक जात होते. टमटमवाला तिच्या पाड्याचं नाव घेऊन ओरडत होता. सरांचं तोंड एकदा उघडलं.

टमटम भरली. सुनंदाने पिशवी उचलली, 'येते सर' म्हणाली आणि मागच्या बाजूला दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसली. गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली तरी सर तिथेच उभे होते, हात अंगाशी धरून, उत्तर न आलेल्या पोरासारखे. मी स्कूटर सुरू केली, तरी ते वळले नाहीत. मग मी ती बंद केली आणि थांबले.